चिंतामणराव देशमुख : खुर्ची सांभाळलेली आणि खुर्ची सोडलेली



आजचा पाठ एका सनदी अधिकाऱ्याबद्दल आहे. शूर सेनापतीची गोष्ट सांगायला सोपी असते. लढाई असते, घोडा असतो, तलवार असते. क्रांतिकारकाची गोष्टही मुलं कान टवकारून ऐकतात. पण टेबल-खुर्ची, फाईल, टिपण आणि आकडे यांच्यात आयुष्य घालवणाऱ्या माणसाची गोष्ट कशी सांगायची? मुलं लगेच विचारतात, "बाई, यात स्टोरी काय आहे?"

स्टोरी आहे, आणि ती आपल्याच मुंबईतली आहे. फोर्टात मिंट रोडवर रिझर्व्ह बँकेची इमारत आहे. तिथून थोडं चालत गेलं की हुतात्मा चौक लागतो. एकीकडे देशाच्या पैशाचा कारभार चालतो, तर दुसरीकडे मुंबईसाठी जीव दिलेल्यांचं स्मारक उभं आहे. या दोन्ही जागांशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे, असे गृहस्थ म्हणजे चिंतामण द्वारकानाथ देशमुख, म्हणजेच सी. डी. देशमुख.

थोडक्यात ओळख

• पूर्ण नाव : चिंतामण द्वारकानाथ देशमुख
• जन्म : १४ जानेवारी १८९६, नाते (महाडजवळ, आजचा रायगड जिल्हा)
• वडील : द्वारकानाथ गणेश देशमुख (वकील), आई : भागीरथीबाई
• १९१२ : मॅट्रिकमध्ये मुंबई विद्यापीठात पहिले
• १९१८ : आय.सी.एस. परीक्षेत पहिले
• १९४३ ते १९४९ : रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर
• १९५० ते १९५६ : भारताचे अर्थमंत्री
• १९५६ ते १९६१ : विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष
• १९६२ ते १९६७ : दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू
• मृत्यू : २ ऑक्टोबर १९८२, हैदराबाद

ही यादी पाठ करायला सोपी आहे. पण यादीत माणूस दिसत नाही. तो दिसण्यासाठी जरा आत जाऊया.

आधी हे समजून घ्या : सनदी अधिकारी म्हणजे कोण?

सरकारात दोन प्रकारची माणसं असतात. एक मंत्री. त्यांना आपण मतं देऊन निवडून पाठवतो. पाच वर्षांनी पुन्हा आपल्या दारात येऊन त्यांना मत मागावं लागतं. दुसरे अधिकारी. ते परीक्षा देऊन येतात. सरकार कोणाचंही येवो, ते आपल्या जागेवर असतात. धोरण ठरवतो मंत्री. त्यासाठी लागणारी माहिती गोळा करणं, हिशेब मांडणं, "असं केलं तर हे होईल, तसं केलं तर ते होईल" असं कागदावर लिहून देणं, आणि एकदा निर्णय झाला की तो राबवणं हे अधिकाऱ्याचं काम.

शाळेतलं उदाहरण घेऊ. सहल कुठे न्यायची हे शाळेच्या समितीने ठरवलं. पण बसचं भाडं किती, मुलं किती, डबा कुठे खायचा, पावसात रस्ता बंद असतो का, हे सगळं कोणीतरी आधी लिहून दिलेलं असतं. ते टिपण चुकीचं असेल तर सहलीचा बोजवारा उडतो. अधिकाऱ्याचं काम हे असं, फक्त देशाएवढं मोठं. मग सहल छान झाली की टाळ्या समितीला, आणि टिपण लिहिणारा कोणाच्या लक्षातही नसतो!

देशमुखांनी आयुष्यात दोन्ही कामं केली. आधी तीस वर्षं अधिकारी आणि मग सहा वर्षं मंत्री. म्हणून त्यांचं चरित्र हा दोन्हींतला फरक शिकण्यासाठी उत्तम धडा आहे.

बालपण आणि शिक्षण

रायगड किल्ल्याच्या पायथ्याकडच्या मुलखात, नाते गावी त्यांचा जन्म झाला. बालपण गेलं रोह्यात. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये त्यांचं शिक्षण झालं. १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत ते मुंबई विद्यापीठात पहिले आले. संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी पटकावली.

ग्रँट रोडजवळचा नाना चौक तुम्हाला माहीत आहे ना? तेच हे नाना, म्हणजे जगन्नाथ शंकरशेट. गिरगावातले दानशूर नागरिक. त्यांच्या नावाची संस्कृत शिष्यवृत्ती मिळणं म्हणजे त्या काळी घराघरांत चर्चेचा विषय असे. देशमुखांच्या या यशावर राम गणेश गडकरींसारख्या मोठ्या कवीने कविता केली होती. आज बोर्डात पहिल्या आलेल्या मुलाचा फोटो पेपरात येतो. तेव्हा कवी कविता करत!

पुढे ते इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठाच्या जीझस कॉलेजात गेले. तिथे त्यांनी काय घेतलं असेल? अर्थशास्त्र? नाही. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. १९१७ साली पदवी मिळवली आणि वनस्पतिशास्त्रातलं फ्रँक स्मार्ट पारितोषिकही. पुढे देशाचे अर्थमंत्री झालेल्या माणसाची पदवी झाडापानांच्या अभ्यासातली होती, हे मुलांना जरूर सांगा. 'अमुक विषय घेतला म्हणजे तमुकच व्हायचं' असं काही नसतं.

१९१८ मध्ये ते आय.सी.एस. म्हणजे 'इंडियन सिव्हिल सर्व्हिस'च्या परीक्षेला बसले. ती परीक्षा तेव्हा फक्त लंडनमध्ये होत असे. भारतातल्या मुलाने आधी बोटीचं भाडं जमवायचं, परक्या देशात राहायचं, परक्या भाषेत पेपर लिहायचे आणि इंग्रज मुलांशी स्पर्धा करायची. या परीक्षेत देशमुख पहिले आले. वय होतं २२.

एकवीस वर्षांची नोकरी

त्यांची नेमणूक झाली मध्य प्रांत आणि वऱ्हाड या प्रांतात. नागपूर ही त्याची राजधानी. आजचा आपला विदर्भ त्यातच होता. जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्याला आपण कलेक्टर म्हणतो, तिकडे त्याला डेप्युटी कमिशनर म्हणत. जमीन महसूल, कायदा-सुव्यवस्था, दुष्काळात मदत, असं सगळं काम जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांकडे असे. पुढे देशमुख प्रांताचे महसूल सचिव आणि वित्त सचिव झाले, तेही खूप तरुण वयात.

१९३१ साली लंडनला दुसरी गोलमेज परिषद भरली. महात्मा गांधी तिला गेले होते. देशमुख तेव्हा रजेवर लंडनमध्येच होते. त्यांना परिषदेच्या सचिवाचं काम देण्यात आलं. कल्पना करा. एका बाजूला पंचा नेसलेले गांधीजी देशाची बाजू मांडत आहेत आणि त्याच परिषदेच्या कामकाजाचे कागद एक मराठी अधिकारी सांभाळतो आहे.

पुढे १९३५ च्या कायद्यानंतर केंद्र आणि प्रांत यांच्यात पैशाची वाटणी कशी करायची, याची चौकशी सर ऑटो निमायर यांच्याकडे आली. प्रत्येक प्रांताने आपलं म्हणणं लिहून दिलं. मध्य प्रांताच्या निवेदनाची त्यात वाखाणणी झाली. देशमुखांची ओळख झाली ती अशी. भाषणाने नाही, नीट लिहिलेल्या कागदाने.

एक अवघड प्रश्न

इथे वर्गात एखादा हात वर येतोच. "बाई, इंग्रजांची नोकरी केली, मग ते देशभक्त कसे?"

प्रश्न चांगला आहे. तो दडपू नका. मुलांसमोर दोन उदाहरणं ठेवा. सुभाषचंद्र बोस १९२० साली याच आय.सी.एस. परीक्षेत चौथे आले आणि १९२१ मध्ये त्यांनी त्या नोकरीवर लाथ मारली. देशमुख १९१८ मध्ये पहिले आले आणि नोकरीत राहिले. एकाने परकीय सरकारची चाकरी करायचीच नाही असं ठरवलं. दुसऱ्याने त्याच यंत्रणेत राहून काम शिकून घेतलं. १९४४ साली इंग्रज सरकारने त्यांना 'सर' हा किताबही दिला. हे लपवायचं कारण नाही.

मग १५ ऑगस्ट १९४७ नंतर काय झालं? तिरंगा फडकला, पण दुसऱ्या दिवशी पगार वाटायचे होते, नोटा छापायच्या होत्या, निर्वासितांसाठी पैसा उभा करायचा होता, परदेशाशी हिशेब मिटवायचे होते. हे काम येणारी माणसं देशाकडे होती, कारण काही जणांनी ते आधी शिकून ठेवलं होतं. तुरुंगात गेलेल्यांचा त्याग मोठाच आहे, त्याची बरोबरी कशाशीच होत नाही. पण नवं घर मिळाल्यावर नळ, वीज, जिना सांभाळणारा माणूसही लागतो. माझं मत विचाराल तर मी मुलांना 'कोण मोठा' असं विचारत नाही. 'देशाला दोघांची गरज का पडली' असं विचारते. चर्चा फार चांगली रंगते. काही मुलं देशमुखांच्या बाजूने बोलत नाहीत, त्यांनाही बोलू द्यावं.

रिझर्व्ह बँकेत

१९३५ च्या १ एप्रिलला रिझर्व्ह बँक सुरू झाली. १९३७ मध्ये तिचं मुख्य कार्यालय कायमचं मुंबईत आलं. जुलै १९३९ मध्ये देशमुख बँकेत आले. काम होतं बँकेच्या घडामोडींची माहिती भारत सरकारला देत राहायचं. तीन महिन्यांत ते मध्यवर्ती मंडळाचे सचिव झाले. १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर.

फेब्रुवारी १९४३ मध्ये गव्हर्नर जेम्स टेलर यांचं निधन झालं. आधीचे दोन्ही गव्हर्नर इंग्रज होते. एवढ्या मोठ्या खुर्चीत भारतीय माणूस बसवायचा का? निर्णय व्हायला काही महिने गेले. अखेर ११ ऑगस्ट १९४३ रोजी देशमुख गव्हर्नर झाले. स्वातंत्र्याच्या चार वर्षं आधी देशाच्या नोटेवर प्रथमच एका भारतीय गव्हर्नरची सही आली. नोटेवर चित्र मात्र इंग्लंडच्या राजाचं होतं!

रिझर्व्ह बँक म्हणजे काय, हे मुलांना असं सांगता येईल. आपण पैसे बँकेत ठेवतो. बँका आपले पैसे कुठे ठेवतात? त्यांचीही एक बँक असते, ती रिझर्व्ह बँक. नोटा तीच काढते, बँकांवर लक्ष तीच ठेवते, सरकारचं खातंही तिच्याचकडे. लालबागच्या चाळीत भिशी चालते. तिची वही ज्या काकूंकडे असते त्यांच्यावर सगळ्यांचा विश्वास असावा लागतो. वही चुकली की भिशी मोडते. देशाची वही रिझर्व्ह बँकेकडे असते.

देशमुखांच्या काळात या वहीवर तीन मोठे प्रसंग आले.

१) युद्धाचा हिशेब. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने भारतातून प्रचंड माल आणि सेवा घेतली. पैसे रोख दिले नाहीत, लंडनमध्ये भारताच्या नावावर पौंडांत जमा दाखवले. ही रक्कम शंभर कोटी पौंडांच्या वर गेली. इकडे त्या बदल्यात रुपये छापले गेले आणि महागाई भडकली. सामान्य माणसाने रेशनच्या रांगेत उभं राहून युद्धाची किंमत मोजली. लंडनमधले हे पैसे परत कसे मिळवायचे, याच्या वाटाघाटींत देशमुखांचा वाटा होता.

२) ब्रेटन वुड्स. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्स या गावी ४४ देशांची परिषद भरली. युद्धानंतर जगाचे पैशाचे व्यवहार कसे चालावेत हे तिथे ठरलं. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक या दोन्ही संस्था तिथूनच जन्मल्या. भारत अजून गुलाम होता, तरी भारताचं शिष्टमंडळ गेलं होतं आणि देशमुख त्यात होते. गरीब देशांच्या विकासाचा विचार या संस्थांनी करावा, असा आग्रह भारताने तिथे धरला. पुढे १९५० मध्ये याच दोन संस्थांची संयुक्त वार्षिक सभा पॅरिसला झाली, तिचे अध्यक्ष देशमुख होते.

३) फाळणी. देश तुटला, पण नोटा एका रात्रीत तुटत नाहीत. नव्या पाकिस्तानकडे स्वतःची मध्यवर्ती बँक नव्हती. म्हणून ३० जून १९४८ पर्यंत आपली रिझर्व्ह बँकच दोन्ही देशांचं काम पाहत होती. आपल्याच नोटांवर पाकिस्तान सरकारचं नाव छापून त्या तिकडे चालवल्या गेल्या. बाहेर दंगली पेटल्या होत्या, आणि आत बसून दोन देशांचे हिशेब शांत डोक्याने वेगळे करायचे होते. या कामाला टाळ्या मिळत नाहीत. पण ते चुकलं असतं तर दोन्हीकडच्या गरिबाच्या हातातली नोट कागद ठरली असती.

याशिवाय रिझर्व्ह बँक आधी भागधारकांची, म्हणजे खासगी लोकांच्या शेअर्सवर उभी असलेली बँक होती. १ जानेवारी १९४९ पासून ती सरकारच्या, म्हणजे जनतेच्या मालकीची झाली. बँकांवर नियंत्रण ठेवणारा कायदाही १९४९ मध्ये आला. हे दोन्ही बदल देशमुख गव्हर्नर असताना झाले. ३० जून १९४९ ला ते पदावरून निवृत्त झाले.

अर्थमंत्री

१९५० मध्ये नियोजन आयोग स्थापन झाला, त्यात देशमुख सदस्य होते. त्याच वर्षी अर्थमंत्री जॉन मथाई यांनी राजीनामा दिला आणि पंडित नेहरूंनी अर्थखातं देशमुखांकडे दिलं. टिपण लिहिणारा माणूस आता निर्णय घेणारा झाला.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते कुलाबा मतदारसंघातून काँग्रेसतर्फे लोकसभेवर निवडून आले. कुलाबा म्हणजे मुंबईतला कुलाबा नव्हे हं! आजच्या रायगड जिल्ह्याचं ते जुनं नाव. म्हणजे ते आपल्याच मुलखातून निवडून आले.

त्यांच्या काळात पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली. १ जुलै १९५५ ला इम्पीरियल बँकेची 'स्टेट बँक ऑफ इंडिया' झाली. पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडायच्या, विशेषतः लहान गावांच्या भागात, अशी जबाबदारी तिच्यावर आली. तुमच्या गावाकडे आजोबांचं पेन्शन स्टेट बँकेत येतं ना? त्याची पाळंमुळं इथे आहेत. आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरणही त्यांनीच केलं. १९ जानेवारी १९५६ ला वटहुकूम निघाला आणि त्यातूनच पुढे १ सप्टेंबर १९५६ ला एल.आय.सी. उभी राहिली.

ही जानेवारी १९५६ ची तारीख नीट लक्षात ठेवा. त्याच आठवड्यात मुंबईत काय चाललं होतं?

मुंबई कोणाची?

स्वातंत्र्यानंतर भाषेप्रमाणे राज्यं करावीत ही मागणी जोर धरत होती. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ मध्ये आला. मराठी माणसाला हवं होतं मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र राज्य. पण मुंबई महाराष्ट्राला द्यायला विरोध होता. मुंबई हे व्यापाराचं, अनेक भाषिकांचं शहर आहे, ते वेगळं ठेवावं असं विरोधकांचं म्हणणं. मराठी माणसाचं उत्तर सरळ होतं. मुंबईच्या चारही बाजूंना मराठी मुलूख आहे आणि या शहराच्या गिरण्या, गोदी, रस्ते मराठी कामगारांच्या घामावर उभे आहेत.

२१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनजवळ मोर्चावर गोळीबार झाला. माणसं मेली. १६ जानेवारी १९५६ ला पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून जाहीर केलं की मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात राहील. शहर पेटलं. गिरगाव, लालबाग, परळ या आपल्याच वस्त्यांमध्ये पुन्हा गोळीबार झाले. या लढ्यात शंभराहून अधिक माणसं गेली. त्यांत कामगार होते, विद्यार्थी होते, आणि मोर्चाशी काही संबंध नसलेली माणसंही होती.

आता दिल्लीतलं चित्र डोळ्यांसमोर आणा. त्याच आठवड्यात अर्थमंत्री देशमुख विमा राष्ट्रीयीकरणाची घोषणा रेडिओवरून करत होते. ज्या मुंबईत ते शिकले, ज्या मुंबईत त्यांनी दहा वर्षं बँकेची खुर्ची सांभाळली, त्या मुंबईत माणसं मरत होती. आणि ज्या सरकारने मुंबई वेगळी काढायचं ठरवलं, त्याच सरकारात ते मंत्री होते.

अशा वेळी माणसाने काय करावं? तुम्हीच सांगा.

राजीनामा

मंत्रिमंडळात एक नियम असतो. आत बसून कितीही वाद घाला, पण एकदा निर्णय झाला की बाहेर सगळ्यांनी तो आपला मानायचा. पटत नसेल तर मंत्रिपद सोडायचं. 'मी आत होकार दिला पण बाहेर विरोध करतो' असं चालत नाही. देशमुख शिस्तीचे पक्के. त्यांनी रस्त्यावर येऊन घोषणा दिल्या नाहीत. आतून प्रयत्न केले. पण जूनमध्ये पंतप्रधानांनी मुंबईत येऊन पुन्हा तेच सांगितलं, की शहर केंद्राच्या अखत्यारीत राहील. जुलै १९५६ मध्ये देशमुखांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि लोकसभेत उभं राहून कारणं सांगितली.

त्यांचे मुख्य आक्षेप दोन होते. पहिला, मुंबईबद्दल एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात नीट चर्चा न करता जाहीर झाला. दुसरा, मुंबईत गोळीबारात इतकी माणसं गेली तरी त्याची न्यायालयीन चौकशी करायला सरकार तयार नाही. नेहरूंनी हे आरोप मान्य केले नाहीत, आपली बाजू मांडली. दोघांमधला हा मतभेद उघड, संसदेत, कामकाजाच्या नोंदीत राहील अशा पद्धतीने झाला.

या दोन आक्षेपांकडे जरा बारकाईने बघा. त्यांत 'मी मराठी आहे' एवढंच नाही. पहिल्या आक्षेपात ते विचारतात की निर्णय घेण्याची पद्धत बरोबर होती का. दुसऱ्यात विचारतात की माणसं मेली तर त्याचा जाब कोण देणार. आयुष्यभर फायली हाताळलेल्या माणसाचेच हे प्रश्न आहेत. कागद कुठे आहे? चर्चा कधी झाली? चौकशी कोण करणार? मुंबईवरचं प्रेम आणि अधिकाऱ्याची शिस्त या दोन गोष्टी त्या दिवशी एकत्र आल्या.

आणि हेही लक्षात घ्या, त्यांच्या राजीनाम्याने मुंबई लगेच मिळाली नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई मिळून मोठं द्विभाषिक राज्य झालं. लोकांनी लढा चालूच ठेवला. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र राज्य जन्माला आलं. ते आलं हुतात्म्यांमुळे आणि लाखो सामान्य माणसांच्या चळवळीमुळे. देशमुखांचा राजीनामा हा त्या मोठ्या लढ्यातला एक दगड. पण दिल्लीतल्या सर्वांत मोठ्या खुर्च्यांपैकी एक खुर्ची कोणी मुंबईसाठी सोडतो, याचा मराठी मनाला केवढा आधार वाटला असेल!

त्यानंतरचं आयुष्य

राजीनामा दिल्यावर ते रुसून घरी बसले नाहीत. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे म्हणजे यू.जी.सी.चे अध्यक्ष झाले. देशातली विद्यापीठं उभी राहत होती, त्यांना पैसा कसा आणि कशासाठी द्यायचा हे काम त्यांनी पाच वर्षं पाहिलं. नंतर दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. दिल्लीतलं इंडिया इंटरनॅशनल सेंटर उभारण्यात त्यांचा मोठा हात होता. १९५९ मध्ये त्यांना सरकारी सेवेसाठीचा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६९ मध्ये त्यांनी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली. त्यात ते तिसऱ्या क्रमांकावर राहिले. परीक्षेत कायम पहिला येणारा माणूस निवडणुकीत तिसरा आला. असंही होतं, आणि त्यात कमीपणा नाही.

त्यांची पहिली पत्नी रोझिना इंग्रज होती. तिचं १९४९ मध्ये निधन झालं. १९५३ मध्ये त्यांनी दुर्गाबाईंशी विवाह केला. या दुर्गाबाई देशमुख संविधान सभेच्या सदस्य होत्या, 'आंध्र महिला सभा' त्यांनीच स्थापन केली. नोंदणी पद्धतीच्या या लग्नात स्वतः पंतप्रधान नेहरू साक्षीदार होते. १९७५ मध्ये पती-पत्नी दोघांनाही पद्मविभूषण मिळालं.

आणि संस्कृत? ते सुटलंच नाही. कालिदासाच्या 'मेघदूता'चा त्यांनी मराठीत अनुवाद केला. गांधीजींची वचनं संस्कृत श्लोकांत आणली. बजेटचे आकडे आणि कालिदासाचे ढग एकाच डोक्यात सुखाने नांदत होते!

आज ठाण्यात त्यांच्या नावाची प्रशासकीय प्रशिक्षण संस्था आहे. तिथे मुलं यू.पी.एस.सी. आणि एम.पी.एस.सी.चा अभ्यास करतात.

या पाठातून काय घ्यायचं?

अधिकारी व्हायचं स्वप्न पाहणारी मुलं माझ्या वर्गात दरवर्षी असतात. बहुतेकांच्या डोळ्यांपुढे लाल दिव्याची गाडी असते. त्यांना मी देशमुखांची गोष्ट सांगते. खुर्ची मिळवणं ही परीक्षेची गोष्ट आहे. खुर्चीत बसून टिपण खरं लिहिणं, हिशेब चोख ठेवणं, समोरच्या सत्तेला न आवडणारं म्हणणंही नीट मांडणं, ही रोजची परीक्षा असते आणि तिचा निकाल पेपरात येत नाही. खुर्ची कधी सोडायची हे ज्याला कळतं, त्यानेच ती खऱ्या अर्थाने सांभाळलेली असते. देशमुखांनी ती रागाच्या भरात सोडली नाही. कारण सांगून सोडली, सर्वांसमोर सोडली, आणि दुसऱ्या दिवसापासून दुसरं काम हाती घेतलं.

पुढच्या वेळी फोर्टात गेलात तर हुतात्मा चौकात दोन मिनिटं थांबा. मग मिंट रोडपर्यंत चालत जा आणि मुलांना विचारा, या दोन जागांना जोडणारा माणूस कोण?

शब्दार्थ

• सनदी अधिकारी : स्पर्धा परीक्षेतून निवडलेला वरिष्ठ सरकारी अधिकारी
• टिपण : एखाद्या विषयावर अधिकाऱ्याने लिहिलेली माहिती आणि मत
• भागधारक : कंपनीचे किंवा बँकेचे शेअर्स असलेली व्यक्ती
• राष्ट्रीयीकरण : खासगी संस्था सरकारच्या मालकीची करणं
• वटहुकूम : संसदेचं अधिवेशन चालू नसताना काढलेला तात्पुरता कायदा
• द्विभाषिक : दोन भाषा बोलणाऱ्या लोकांचा

स्वाध्याय

१. मंत्री आणि सनदी अधिकारी यांच्या कामातले तीन फरक लिहा.
२. फाळणीनंतर रिझर्व्ह बँकेला दोन देशांचं काम का करावं लागलं?
३. देशमुखांनी राजीनामा देताना मांडलेले दोन आक्षेप तुमच्या शब्दांत लिहा.
४. "नोकरी सोडणारे सुभाषबाबू आणि नोकरीत राहिलेले देशमुख" यावर गटात चर्चा करा. दोन्ही बाजूंनी बोला.
५. विचार करा : वर्गाचा मॉनिटर म्हणून एखादा निर्णय तुम्हाला पटला नाही तर तुम्ही काय कराल? लगेच बिल्ला काढून द्याल, की आधी काही कराल?

उपक्रम

• घरातल्या वेगवेगळ्या नोटांवरच्या गव्हर्नरांच्या सह्या शोधा आणि नावं वहीत लिहा.
• गिरगाव, परळ, लालबागमध्ये राहणाऱ्या आजी-आजोबांना संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या आठवणी विचारा. त्यांच्याच शब्दांत दहा ओळी लिहून आणा.
• फोर्टात रिझर्व्ह बँकेचं नोटा-नाण्यांचं संग्रहालय आहे. आधी चौकशी करून पालकांबरोबर भेट द्या.

पाठ आवडला तर आपल्या वर्गात जरूर वापरा.